बिबट्याची दुसरी बाजू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. मग तुम्हालाच का? – ते मलाही नीट कळत नाही. पण तोंड उघडलंच आहे, तर आता पूर्ण करते.

मी ओतूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला मुलं तयार करावीत तर मीच – असं मी मिरवायचे. माझा ठरलेला साचा होता. आधी ‘ऑन द वन हँड’, मग ‘ऑन दि अदर हँड’. एकीकडे हे, दुसरीकडे ते. दोन्ही बाजू मांडणारा वक्ता परीक्षकांना फार आवडतो. मुलं हीच दोन वाक्यं फेकायची आणि कप घेऊन यायची.

त्या वर्षी विषय आला, ‘बिबट्या आणि माणूस’. मी सुमनला निवडलं. डिंगोऱ्याची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, खणखणीत आवाजाची. आणि – हे गाळून चालणार नाही – तिच्या धाकट्या भावाला बिबट्यानं मेंढरांच्या जाळीशेजारून उचलून नेलं होतं. उसात सापडला तेव्हा त्याची मान जागेवर नव्हती. मी भेटायला गेले होते, त्याच्या आईचा हंबरडा ऐकला होता. म्हणूनच सुमनला निवडलं. जिच्या घरात घडलं तीच बोलली की सभागृह रडणार, कप आपलाच. किती साधं गणित!

कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात सराव चालायचा, आम्ही दोघीच. पहिली बाजू ती अशी बोलायची की माझ्या अंगावर काटा यायचा. दुसऱ्या बाजूसाठी मी लिहून दिलं होतं, बिबट्यालाही जगण्याचा हक्क आहे. तिथं ती थांबायची. रोज थांबायची. शेवटी एकदा म्हणाली, “मॅडम, ह्याला दुसरी बाजू न्हाई. तुमी आला व्हता की घरी. तुमी बघितलंय.”

मला लाज वाटायला हवी होती ना? राग आला. असा राग की कानशिलं तापली. कालची पोर मला शिकवते? मी तिच्या डाव्या कानाखाली ठेवून दिली. “म्हण.” पुन्हा मारलं. “म्हण!” ती बाकावर आदळली, तिला वेणी धरून उठवलं आणि त्याच कानावर पुन्हा – मी मोजलं नाही. माझा हात दुखायला लागला, एवढं आठवतं.

आणि तिनं म्हटलं. कानातून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत आलेला, आणि उच्चार अगदी मी शिकवला तसा. “ऑन दि अदर हँड” – पुढचं सगळं वाक्य. मी ‘गुड’ म्हणाले. खरंच म्हणाले.

दवाखान्यात तिच्या वडिलांना मी सांगितलं, पाय घसरून बाकावर पडली. ती शेजारीच बसून फरशीकडे बघत होती. वडिलांनी हात जोडले. “बाई, तुमी व्हता म्हणून निभावलं. लई उपकार झालं.” पुढच्या आठवड्यात त्यांनी घरची घोंगडी आणून दिली. ती मी घेतली. अजून कपाटात आहे.

सुमननं कॉलेज सोडलं. मी सोडलं नाही. तीच दोन वाक्यं अजून शिकवते. हे सांगतानाही ती आपोआप जिभेवर येतात – एकीकडे मी तिला मारलं, दुसरीकडे कितीतरी मुलांना मी – नाही. सुमन म्हणाली तेच खरं.

परवा ती ओतूरच्या एसटी स्टँडवर दिसली, कडेवर लेक. मी तिच्या डाव्या हाताला, अगदी जवळ उभी होते. हाक मारली. तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली. बिस्किटाच्या गाडीवरच्या माणसानं वळून बघितलं, तिनं नाही. तिच्या उजव्या बाजूला जायला मला चार पावलं पुरली असती. मी गेले नाही.