कणीस चुकीच्या हातात

डोमखाली पूर्ण अंधार होता. छतावर तारे लागले होते, त्यांच्यावर देवीची आकृती उमटली होती, आणि मागच्या रांगेतून मुदीरांचा आवाज आला, की हिच्या हातातलं कणीस ताऱ्यावर का नाही?

मुदीरा म्हणजे मुख्याध्यापिका. कुवेतमधल्या एका मुलींच्या शाळेने छोटं तारांगण बांधलं होतं आणि त्याचं काम आमच्या कंपनीकडे होतं. मी तिथली प्रोजेक्शन इंजिनिअर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी फिंतासला राहायचे आणि अशा कामांवर साइटवर जायचे.

मी वर पाहिलं. मुदीरांचं म्हणणं बरोबर होतं. देवीचं डोकं जागेवर, पाय जागेवर. पण कणीस धरलेला हात भलत्याच बाजूला, रिकाम्या काळ्या आकाशात. ज्या ठळक ताऱ्यावर ते कणीस यायला हवं होतं, तो दुसऱ्या बाजूला एकटाच चमकत होता. आपण त्याला चित्रा म्हणतो.

मी काही बोलायच्या आत आमचे मॅनेजर दामले उठले. इंग्रजीत म्हणाले, "सॉरी मॅडम, पेंटरची चूक आहे. त्याला आम्ही याच आठवड्यात परत पाठवतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक काय आहे हे अजून कुणी तपासलंही नव्हतं आणि या माणसाने गुन्हेगार ठरवून, शिक्षा सुनावून टाकली होती.

आता काम काय होतं ते सांगते. मधोमध एक गोल यंत्र असतं, ते छतावर तारे पाडतं. आकृत्यांसाठी वेगळे स्लाइड प्रोजेक्टर लागतात. काचेवर चित्र रंगवायचं, काच प्रोजेक्टरमध्ये घालायची आणि चित्र ताऱ्यांवर नेमकं बसवायचं. बसवणं माझं काम. कार्यक्रम होता मेसोपोटेमियातल्या देवींचा. तिथल्या ज्योतिषांनी काही देवींना आकाशात जागा दिल्या होत्या. शाला ही धान्याची देवी, तिची जागा नांगराच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरात. त्या तासाचे तारे म्हणजे आपल्या कन्या राशीतले. इश्खारा विंचवात. वैद्यकीची देवी गुला, तिची शेळी आपल्या अभिजितापाशी. आणि इश्तारचं धनुष्य व्याधाच्या खालच्या बाजूला.

मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक, आणि इराकने कुवेत गिळलं त्या युद्धाला फार वर्षं झाली नव्हती. स्क्रिप्टमध्ये इराक हा शब्द येऊ द्यायचा नाही, अशी दामल्यांची ताकीद होती. मुदीरांना मात्र विषय हाच हवा होता. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं होतं, की हे आकाश कुठल्या हुकूमशहाच्या मालकीचं नाही, आमच्या फैलका बेटावरच्या प्राचीन लोकांनीही हेच पाहिलं. शिवाय अरबीत कन्या राशीला सुंबुला म्हणतात, म्हणजे कणीस. तेव्हा कणीस चुकलेलं तिथल्या मुलींनीसुद्धा पकडलं असतं.

काचा रंगवल्या होत्या तांडेलने. मालवणकडचा माणूस, गावाला गणपतीची शाळा चालवायचा. म्हणजे मूर्तींचा कारखाना. दामल्यांनी स्वतः त्याचं काम बघून त्याला आणलं होतं. कारखाना बंद करून तो आला आणि अब्बासियात पाचजणांबरोबर एका खोलीत राहू लागला. हात असा, की देवीच्या पापण्या अंगठ्याएवढ्या जागेत काढायचा. डोळे नेहमी सगळ्यात शेवटी. परत पाठवतोय म्हणजे त्याचा इकामा, राहण्याचा परवाना, रद्द. मग पुन्हा व्हिसा मिळणं कठीण, आणि गावाला कारखान्याची जागा तर त्याने सोडलेली होती.

मुदीरा गेल्यावर मी बाकीच्या तीन काचा एकेक करून लावल्या. तिन्ही चुकलेल्या. इश्तारचं धनुष्य उलट्या दिशेला रोखलेलं, गुलाची शेळी अभिजिताकडे पाठ करून. चारही चित्रांत डावं-उजवं बदललेलं होतं. पेंटरचा हात चुकला तर एखादं चित्र चुकेल. चारही चित्रं सारखीच चुकली, तर चूक मुळात, जिथून चित्र आलं तिथे असते.

तांडेलला स्टोअरमध्ये गाठलं. तो ब्रश धूत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"माका जसा काढून दिल्यानी, तसाच मी रंगवलंय," तो म्हणाला. "माझ्या मनाचा काय्येक घालूक नाय, मॅडम."

कोणी काढून दिलं, हे विचारायची गरज नव्हती. स्केचेस मी स्वतः काढलीत, हे दामले महिनाभर ऑफिसभर सांगत फिरत होते. आणि साहेबांचं चित्र म्हटल्यावर ते ताऱ्यांशी ताडून बघायची कुणाची टाप नव्हती. वाहवा करून सगळे मोकळे झाले होते.

मी दामल्यांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर त्यांचा लाडका आकाशगोल होता. पितळी स्टँडवरचा, युरोपच्या ट्रिपमध्ये घेतलेला. विचारलं, स्केचमधले तारे कुठून घेतले? त्यांनी कौतुकाने गोलावर थाप मारली. ट्रेसिंग पेपर ठेवून नेमके उतरवलेत म्हणाले.

पृथ्वीचा गोल आपण बाहेरून बघतो, कारण पृथ्वी बाहेरूनच बघायची असते. आकाश मात्र आपण आतून बघतो. गोलावर ते बाहेरून काढलेलं असतं, म्हणून तिथे डावं-उजवं उलटं असतं. या धंद्यात ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ती दामल्यांना सांगितली. त्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण आता मंदूब त्याचा पासपोर्ट घेऊन गेलाय."

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. मी म्हटलं, मग त्याला फोन करा.

"सरदेसाई मॅडम, जरा प्रॅक्टिकल व्हा. एकाला पाठवला की क्लायंट शांत होतो. कोकणातून दुसरा येईल."

मला त्या पितळी स्टँडसकट तो गोल खिडकीबाहेर फेकावासा वाटला. वर यांचं बिऱ्हाड महबूल्याला समुद्रासमोर, आणि गाडीत बसलं की मालवणी मसाल्याचं कौतुक! तोंडून शिव्या यायच्या आत मी बाहेर आले.

चूक निस्तरणं अगदी सोपं होतं, याचाही राग येत होता. काच पारदर्शक. ती मागची पुढे करून घातली की चित्र सुलटं. फोकस थोडा हलवावा लागतो, एवढंच. फक्त काचेवर रंगवलेली अरबी नावं उलटी दिसणार होती, ती काळ्या रंगाने बुजवायची. नावं निवेदनात येणारच होती. तांडेलला कामावर येऊ नको असं सांगितलेलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी तो आला. मान खाली घालून त्याने चारही नावं बुजवली. दुपारच्या जेवणाआधी काम संपलं.

त्याच दिवशी मुदीरांना पुन्हा बोलावलं. शाळेत जाताना मी दामल्यांच्या टेबलावरचा गोल उचलून गाडीत घातला. त्यांना न विचारता.

शालाचं कणीस चित्रेवर बसलं. मुदीरा मनापासून खूश झाल्या. दामल्यांनी लगेच सांगितलं, की पेंटरचा बंदोबस्त केलाय. मी दिवे लावले आणि गोल मुदीरांसमोर ठेवला. चित्रं याच गोलावरून उतरवलीत हे सांगितलं आणि कन्या राशीवर बोट ठेवून हात कुठल्या बाजूला आहे ते दाखवलं. त्या वाकून पाहत राहिल्या. गणिताच्या शिक्षिका होत्या, जास्त समजवावं लागलं नाही.

"म्हणजे इथे आपण ताऱ्यांच्या पलीकडून बघतोय," त्या म्हणाल्या. "गोल कुणाचा आहे?"

मी दामल्यांकडे पाहिलं. त्यांना बोलावंच लागलं. "माझा."

"मग पेंटर कशाला चाललाय?"

दामल्यांनी घसा साफ केला. मुदीरांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. उद्घाटनाला पेंटर हजर पाहिजे, आणि गोल लॉबीत ठेवा, मुलींना फरक दाखवायचाय, एवढं सांगून त्या निघाल्या. दामल्यांनी तिथूनच मंदूबला फोन लावला. पासपोर्ट इकामा रद्द झाल्याच्या शिक्क्याशिवाय परत आला.

दामल्यांनी तांडेलची माफी मागितली नाही. कधीच नाही. उद्घाटनाच्या फोटोत त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे मात्र राहिले. महिन्याभरात माझी बदली गोडाउनच्या स्टॉकवर झाली. कारण उघड होतं. तो राग इतक्या वर्षांनी हे लिहितानाही उतरलेला नाही.

तांडेल पुढे बरीच वर्षं तिथे टिकला. एकच बदल झाला. दामल्यांनी नवं स्केच टाकलं, की तो ब्रश बाजूला ठेवायचा, कोपऱ्यावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "साहेब, हयसर सही करा." नाइलाजाने ते करायचे. पण पेन टेकवायच्या आधी स्वतःचं चित्र, पहिल्यांदाच, नीट बघायचे.