डिझेल धुणारा आकाराम

छप्पन साली घरानं बौद्ध धर्म स्वीकारला, त्याच वर्षी कोडोलीच्या शेतमजूर बापानं आकारामचं नाव शाळेत घातलं. पुढं तो कोल्हापुरात एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर झाला. १९७९ साली, एकोणतिशीत, एम.फिल.साठी तो डिझेलमधलं गंधक काढायच्या मागं लागला होता.

डिझेल जळलं की त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं आणि ते इंजिनाचा लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, खातं. आकाराम डिझेलमध्ये फरफ्युरल नावाचं, उसाच्या चिपाडापासून निघणारं द्रावक घालून घुसळायचा. बरंचसं गंधक द्रावकात उतरायचं, जड द्रावक तळाला बसायचं, ते तोटीनं काढून टाकायचं. वर राहिलेलं डिझेल मग पाण्यानं पाच वेळा धुवायचं, म्हणजे द्रावकाचा अंश उरत नाही.

आकडे चांगले आले. पण मार्गदर्शक सर म्हणाले, "इंजिनात चालवून दाखव. आजपासून चौथ्या सोमवारी मी परिषदेला निघतोय, त्याआधी."

मंगळवार पेठेत सोनूबाईंची मिरची कांडायची गिरणी होती. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ती चालवायच्या. इंजिनाच्या धुरानं शेजारी भांडायला यायचे. या डिझेलनं धूरही कमी होईल, तुमच्या इंजिनात घालून बघू का, असं आकारामनं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "धूर कमी हुतोय न्हवं? मग आण की."

तीन आठवडे खपून त्यानं वीस लिटर डिझेल तयार केलं. शेवटच्या दिवसांत वेळ पुरेना, म्हणून पाचाऐवजी दोनदाच धुतलं. कॅन बंद करताना द्रावकाचा कडू बदामासारखा वास आला. तरी त्यानं झाकण घट्ट लावलं.

शनिवारी सकाळी इंजिन सुरू झालं. ऐन चटणीचा हंगाम, दारात मिरचीच्या पिशव्यांची रांग. आकाराम इंजिनाशेजारी उभा होता. ठोका जरा इकडचा तिकडं झाला की त्याला घाम फुटायचा. अकराच्या सुमारास इंजिन ठसकलं, काळा धूर ओकलं आणि बंद पडलं.

"आता गं बया!" सोनूबाई ओरडल्या. बाया कुरकुरायला लागल्या. उद्यमनगरातनं पिराजी मिस्त्री येईस्तोवर तास गेला. त्यानं डिझेल फवारणारं नोजल खोलून बघितलं. टोकाला तपकिरी, चिकट राळ बसली होती.

"नोजल जुनंच हाय," पिराजी म्हणाला. "कवातरी हे हुणारच हुतं."

आकारामला सुटका मिळाली होती. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तो सोनूबाईंकडं वळला.

"नोजलचा दोष नाही, मावशी. डिझेल मी नीट धुतलं नाही, उरलेल्या द्रावकाची ही राळ झाली. घाई केली."

सोनूबाईंनी त्याच्याकडं रोखून बघितलं. "ते मागनं बोल, मास्तर. आदी इंजान चालू करा."

पिराजीनं टाकी रिकामी केली, नोजल रॉकेलनं घासलं. चार वाजता साधं डिझेल घालून गिरणी फिरली. तोवर निम्म्या बाया दुसरीकडं गेल्या होत्या.

सोमवारी आकारामनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी आकडे पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "हेही प्रबंधात लिही. आणि पुन्हा कर."

सोनूबाईंनी हंगाम संपेस्तोवर इंजिनाला हात लावू दिला नाही. दोन महिने आकारामला जेवण गोड लागलं नाही. त्या नाहीच म्हणाल्या तर? अखेर पावसाळा लागल्यावर त्यांनीच निरोप धाडला. या वेळी त्यानं डिझेल सहा वेळा धुतलं होतं. दहा तास इंजिन एका लयीत चाललं. धूर थोडा विरळ झाला. पिराजीनं नोजल खोललं. ते स्वच्छ निघालं. आकाराम तिथंच पोत्यावर मटकन बसला. सोनूबाईंनी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

गंधक निम्म्यानं घटलं होतं, पण शंभर लिटरमागं अठरा लिटर डिझेल द्रावकाबरोबर जात होतं. एवढी नासाडी कुठल्याच कारखान्याला परवडणार नव्हती, आणि आकारामनं प्रबंधात तसं स्वच्छ लिहिलं. पदवी मिळाली. ती पद्धत मात्र कुणी वापरली नाही.