मी सहाच मोजले

‘ओपनचे कोण आहेत? उभे राहा बघू.’

पाहुण्या बाई असं म्हणाल्या तेव्हा मी फळ्याजवळ उभी होते. हातात खडू. माझं अक्षर बरं म्हणून सरांनी सकाळीच मला फळ्यावर तक्ता लिहायला सांगितला होता. एकूण पट. मुलगे किती, मुली किती. मग जातीचे प्रवर्ग, आणि प्रत्येकाखाली आकडा. पट तपासायला समिती येणार होती. खात्याचे एक साहेब, त्यांचा कारकून, आणि शहरातल्या एका मोठ्या खासगी शाळेच्या या बाई. शिक्षणातल्या जाणकार म्हणून त्यांना बरोबर आणलं होतं.

‘फळ्यावर काय, कोणीही काहीही लिहील,’ बाई साहेबांना म्हणाल्या. ‘प्रत्यक्षच मोजू या.’

म्हणून त्यांनी आम्हाला उभं करायला सुरुवात केली.

ओपनचा एकटा ओंकार उभा राहिला. त्याचे वडील बोटीवर होते, आजारी होऊन घरी आले आणि त्यात ह्याची दोन वर्षं गेली. बाईंनी त्याचं आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. बाईंच्या भुवया वर गेल्या.

‘अरे, तू इथे कसा?’

साहेब हसले. कारकून हसला. आम्हीपण हसलो. का हसलो ते आज सांगता येत नाही. बाकीचे आम्ही इथे कसे, हे कोणी विचारलंच नाही. आम्ही इथेच असणार हे त्यांनी धरलेलं होतं.

आमची शाळा म्हणजे दोन खोल्या. रत्नागिरीत, पटाअभावी बंद पडलेल्या एका शाळेच्या मागच्या अंगाला. नववी आणि दहावी. ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांच्यासाठी सरकारने काढलेली. लोक तिला नापासांची शाळा म्हणतात. पण आमच्यातले नापास थोडेच. कोणी आंब्याच्या बागेत कामाला लागला म्हणून सुटला, कोणाचं लग्न ठरवलं म्हणून ती सुटली. मी कोळंबी सोलायला गेले म्हणून सुटले. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. दोन वर्षं मी बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलली. एक दिवस सर त्या शेडमध्ये आले. चपला पाण्यात, विजार गुडघ्यापर्यंत वर केलेली. एकेकीपाशी जाऊन विचारत होते, ‘कितवीत सोडलीस?’ असा गोळा केलेला पट होता तो. एकेक नाव चालत जाऊन आणलेलं.

सर हजेरी घेताना आडनाव घेत नसत. नुसतं नाव. म्हणून मला ती शाळा आवडायची. सर आणि माझ्या वाडीतली एक मुलगी सोडली तर तिथे माझी जात कोणाला ठाऊक नाही असं मी धरून चालले होते. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एकदा एका मुलीने आपणहून धरलं की मी कुणब्यांची. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं मला फार सोयीचं गेलं.

आधीच्या शाळेत, आठवीत, शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटले होते. माझा फॉर्म बाकावर राहिला आणि शेजारच्या मैत्रिणीने तो वाचला. ती काही बोलली नाही. फक्त त्या वर्षी गणपतीला तिच्या घरचं बोलावणं आलं नाही. दरवर्षी मी तिच्याकडे मोदक वळायला बसायचे.

तर बाई एकेक प्रवर्ग पुकारत होत्या. प्रत्येक वेळी मला म्हणायच्या, ‘मोज गं.’ मी बोट दाखवून मोजायचे आणि फळ्यावरच्या आकड्यापुढे बरोबरची खूण करायचे. ओबीसी पुकारलं तेव्हा जवळजवळ अर्धा वर्ग उठला. अल्पसंख्याक म्हटल्यावर नफीसा उठली. ती माझ्याच शेडमध्ये सोलायची. मग बाईंची नजर सपनावर गेली. पावसच्या एका बागेत राखण करणाऱ्या नेपाळी माणसाची मुलगी. ती कशालाच उठेना.

‘हिचा रकानाच नाही वाटतं,’ कारकून म्हणाला.

‘इतरमध्ये घाला,’ साहेब म्हणाले. सपना अर्धवट उठून तशीच वाकून उभी राहिली. मी तिला मोजलं. एक. खूण केली.

मला तेव्हा बरं वाटत होतं. खोटं का सांगू. मी मोजणारी होते. उभं राहणारी नव्हते. खडू माझ्या हातात होता, म्हणजे मी त्या तिघांच्या बाजूची, असं काहीतरी मला वाटत होतं.

‘आता एस.सी.’

कोणी लगेच उठलं नाही.

‘लाजायचं काय त्यात?’ बाई गोड हसून म्हणाल्या. ‘तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं.’

पहिली सुवर्णा उठली. सुवर्णा माझ्या वाडीतली. बौद्धवाडीत तिचं आणि माझं अंगण एकच आहे, मधे दगडी गडगासुद्धा नाही. तिने उठताना माझ्याकडे पाहिलं नाही. मग बाकीचे उठले.

‘मोज,’ बाई म्हणाल्या.

मी बोट पुढे केलं. सुवर्णावर ठेवलं. एक. दोन. तीन. माझा आवाज खणखणीत होता, ते मला अजून आठवतं. चार. पाच.

‘सहा,’ मी म्हणाले.

आता सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

फळ्यावर सात लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात. सातवी मी.

‘एक कमी आहे,’ साहेब म्हणाले. ‘सातवा कुठे?’

मी खाली बघत होते. पायाजवळ खडूची भुकटी पडली होती. ती मी चपलेने पुसत राहिले. सरांना ठाऊक होतं. माझा दाखला त्यांनीच जमा करून घेतला होता. त्यांनी नुसतं बोट केलं असतं तरी झालं असतं. सर म्हणाले, ‘आज एकजण आलेला नसेल.’

साहेबांनी हजेरी उघडली. पानावर सगळे हजर.

‘हजेरीत सगळे हजर, आणि वर्गात एक कमी,’ साहेब म्हणाले. ‘म्हणजे नाव आहे, माणूस नाही.’

‘अशीच पोरं दाखवतात हो,’ बाई म्हणाल्या. ‘पट टिकवायला.’

नाव घेऊन हजेरी लावली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण त्यांना पुढे जायचं होतं. पावसच्या एका बागेत त्यांचं जेवण ठरलेलं होतं, उशीर होत होता. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, ‘पट जुळत नाही. संशयास्पद.’ मग ते गेले. सरांनी फळा स्वतः पुसला.

घरी जाताना एसटीत सुवर्णा माझ्या शेजारी बसली. नेहमीसारखी. अर्धा रस्ता गेला. मग म्हणाली, ‘मलापण कापरं भरलं होतं गो. तू उभी राह्यली नाहीस त्याचं काय नाय. पण तू आमच्यावर बोट ठेवून मोजलंस.’

मी खिडकीबाहेर बघत राहिले. काळा कातळ मागे पळत होता. लाज काय असते ते मला आधीही माहीत होतं असं मला वाटायचं. जातीची लाज, शेडच्या वासाची लाज. ती दुसऱ्यांनी दिलेली. ही लाज माझी होती. मी केलेल्या कामाची.

आठ दिवसांनी सरांना नोटीस आली. खोटा पट दाखवल्याबद्दल लेखी खुलासा द्या, नाहीतर शाळा बंद करण्याची शिफारस होईल. हे मला सुवर्णाने सांगितलं. सरांनी खुलाशात लिहिलं होतं की पट बरोबर आहे आणि मोजणीत चूक झाली. चूक कोणाची ते लिहिलं नव्हतं.

मी आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. ऐकताना तिचा हात थांबला.

‘काय झाला मग? सर तुझं नाव सांगतील?’

‘नाय सांगणार.’

‘मग तू सांग,’ आई म्हणाली. जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. सूप उचललं आणि आत गेली. आतून म्हणाली, ‘माझी जात सांगताना माझी लाज वाटली तुला. माझी.’

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, ‘सातवी मी होते.’ आता सगळे काहीतरी म्हणतील, असं वाटत होतं. नफीसा पुस्तकावरून मान वर करून म्हणाली, ‘आम्हाला ठाऊक आहे गं. पहिल्या महिन्यापासून ठाऊक आहे.’

कोणाला नवल वाटलं नाही. ओंकारने तर वहीतून डोकंही काढलं नाही.

मी बाकावर येऊन बसले. तेव्हा मला कळलं. ज्यांच्यात मी रोज बसत होते, डबा खात होते, त्यांच्यापासून काही लपलेलंच नव्हतं. मग त्या दिवशी मी लपले कोणापासून? अर्धा तास वर्गात येऊन गेलेल्या एका बाईपासून. जिला माझं नाव ठाऊक नाही. जिला मी पुन्हा रस्त्यात दिसले तर ओळखूही येणार नाही. तिला मी बरी दिसावी म्हणून मी माझी सहा माणसं बोटाने मोजली होती.

सरांची सुनावणी होती त्या दिवशी मी शाळा आणि संध्याकाळचं शेडवरचं काम, दोन्ही बुडवून कचेरीत गेले. सर बाकड्यावर बसले होते. मला बघून उठले. ‘तू नसतीस आली तरी चाललं असतं,’ म्हणाले. मी म्हणाले, ‘नाही चाललं असतं.’

आत तेच साहेब होते.

‘तू कोण?’

‘फळ्याजवळ उभी होते ती. सातवी मी.’

साहेबांनी चष्मा काढला. ‘मग त्या दिवशी बोलली का नाहीस?’

‘लाज वाटली.’

‘लाज!’ साहेब हसले. ‘सवलती घेताना वाटते का लाज?’

कारकूनही हसला. तेच हसणं. मी दाखला टेबलावर ठेवला. साहेबांनी तो बघितला, हजेरीशी ताडला, आणि मग एकदम सोपं झाल्यासारखं कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘बरं. लिहून दे. मी नजरचुकीने उभी राहिले नाही. खाली सही. विषय संपला.’

मी पेन घेतलं. तो शब्द लिहायचा होता. नजरचुकीने. तेवढ्यावर शाळा वाचत होती, सर सुटत होते. पण त्या दिवशी माझी नजर चुकली नव्हती. माझी नजर अगदी नीट होती. सुवर्णापासून शेवटच्या मुलापर्यंत.

मी लिहिलं. आमच्या वर्गात पाहुण्यांसमोर जात पुकारून मुलांना उभं केलं. एका मुलाला तू इथे कसा असं विचारलं. एका मुलीला रकानाच नाही म्हणाले. मला मोजायला लावलं. माझी जात सांगायची मला लाज वाटली म्हणून मी स्वतःला मोजलं नाही. ती चूक माझी आहे, सरांची नाही. पट खरा आहे. नावं हजेरीत आहेत आणि दाखले कपाटात आहेत, ते बघावेत. आम्हाला उभं करू नये.

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. ‘हे असं फाईलला लावता येणार नाही. साधं लिही.’

‘झालं तेच लिहिलंय.’

‘अगं, तुझ्याच शाळेचं नुकसान होईल.’

मी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा उतरलेला होता. त्यांची नोकरी त्या कागदावर होती. ते एवढंच म्हणाले, ‘पत्र तिचं आहे, साहेब.’

मी दुसरं लिहिलं नाही. आवक नोंदणीच्या खिडकीत जाऊन तेच पत्र दिलं आणि एका प्रतीवर शिक्का मारून घेतला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, ‘काय संबंधात?’ मी म्हणाले, ‘पटाच्या.’

पुढे दाखले तपासले गेले. पट जुळला. शाळा चालू राहिली. पण सरांची बदली झाली, मंडणगडच्या एका टोकाला. बदलीच्या कागदावर कारण प्रशासकीय. ओंकारला त्याच्या काकांनी काढून दुसरीकडे घातलं. ‘तू इथे कसा’ हे त्यांच्याही कानावर गेलं होतं. सपना बागेचा हंगाम संपल्यावर आईवडिलांबरोबर गेली, परत आली नाही. माझं पत्र कुठल्या फाईलला लागलं ते मला कोणी सांगितलं नाही. सरांना निरोप द्यायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो होतो. मी माफी मागितली. ‘माझ्यामुळे झालं,’ मी म्हणाले. सर ‘नाही’ म्हणाले नाहीत. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. माझ्यासाठी एकदाच बोलले होते.

सुवर्णा माझ्याशी बोलते. पण पहिल्यासारखं नाही. ते मी मागणार नाही. माझी लाज गेलेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे. नव्या सरांनी सांगून ठेवलंय, पाहुणे विचारतील तसं करायचं, उगाच वाकडं बोलायचं नाही. मी त्यांना सांगितलंय. माझी जात कागदावर विचारा, मी पूर्ण नावानिशी लिहून देईन. तोंडी विचारा, बसल्या जागेवरून सांगेन. मोठ्याने सांगेन. पण प्रवर्ग पुकारून कोणाला उठवलं, तर आधी मी पाहुण्या बाईंना त्यांची जात विचारणार. त्यांनी उभं राहून सांगेपर्यंत विचारत राहणार. माझं नाव पटावरून काढायचं असेल तर काढा. मी रोज येऊन बसणार.