घाटावरची माळवाली

दशाश्वमेध घाटावर रुद्राक्षाच्या माळा विकणारी एक बाई आहे. मी रामघाटावर राहते, नेहमी तिथून जाते, तरी ती मला सोडत नाही. यात्रेकरूंकडून उचललेल्या मराठीत म्हणते, “घ्या ना ताई, तुम्हाला स्वस्त लावते.” नाही म्हटलं की हसते आणि थोडं अंतर बरोबर चालतेच.

परवा सांगलीहून आलेल्या माझ्या आत्याला तिथल्या फेरीवाल्यांनी घेरलं. आत्या पार रडकुंडीला आली. तेवढ्यात ही माळवाली मध्ये घुसली. “हटो, हमारे घर की हैं,” म्हणाली. सगळे पांगले. तिने आत्याला हात धरून छत्रीखाली बसवलं, पाणी दिलं. मी पिशव्या गोळा करून आभार मानायला गेले, तर आत्याच्या गळ्यात माळ होती आणि दोघी मिळून माझ्यासाठी दुसरी निवडत होत्या.