इंजिनाने स्वीकारलेला खण

चहा घ्या, आणि काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट सुरू केली की आमची ही, सुधा, आतूनच हसायला लागते आणि माझी लय बिघडते.

आता माझ्या अकलेचे दिवे किती म्हणून दाखवू? त्या वर्षी मी डिझेलची गाडी घेतली! बडोद्यात तेव्हा नव्या-नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. आमच्या सुभानपुऱ्याच्या सोसायटीत मात्र नुसती स्कूटरींची रांग, आणि रांगेच्या शेवटी ही माझी पांढरीशुभ्र चारचाकी.

तसा मी यंत्रांतला माणूस. कारखान्यात ब्लोअर सांभाळतो. म्हणजे हवा आत ओढायची आणि पुढे ढकलायची, हेच माझं पोटापाण्याचं काम. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण हे इंजिन! ना ठिणगी, ना प्लग. नुसती हवा दाबायची, इतकी दाबायची की ती तापते, आणि डिझेल पडलं की आपसूक भडका! सकाळी बॉनेट उघडून मी नुसता बघत उभा राहायचो. खोटं कशाला बोलू, हात आपोआप जोडले जायचे.

माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, हे अजिबात पटलं नव्हतं. "डिझेल? म्हणजे ट्रक!" एवढ्या एका वाक्यात त्यांनी माझ्या गाडीचा निकाल लावला होता. त्यातच माझ्या धाकट्या मेव्हणीचं, नीलूचं लग्न ठरलं. सासर बडोद्याजवळच्या सावली गावात. पाठवणीसाठी अप्पा भाड्याची गाडी ठरवायला निघाले, तेव्हा नीलूच म्हणाली, "भावोजी, मी तुमच्याच गाडीतून जाणार हं."

आई गेल्यावर ही पोर सुधाचा पदर धरून वाढलेली. मी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

मग आला दसरा.

पूजा मी जातीने केली. आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने नवा एअर फिल्टर बसवला. बॉनेट उघडलं, स्वस्तिक काढलं, सुपारी ठेवली, झेंडू वाहिला. मग मनात आलं, देवीला वस्त्र नको? सुधा श्रीखंडात गुंतलेली. मी कपाट उघडलं, हाताला लागलं ते लाल कापड काढलं आणि इंजिनावर छान पांघरलं. शेजारच्या जसुबेन आरतीचं ताट घेऊन डोळे मिटून उभ्या. मी आत बसलो, गाडी सुरू केली आणि दणदणीत रेस दिली. बॉनेट वर, त्यामुळे समोरचं काहीच दिसत नव्हतं.

उतरून पाहतो तर कापड गायब!

गाडीखाली बघितलं, नाही. बॅटरीमागे बघितलं, नाही. वारा म्हणाल तर दिव्याची ज्योतसुद्धा हलत नव्हती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"जसुबेन, कपडा?"

जसुबेननी डोळे उघडले, इंजिनाकडे पाहिलं आणि आरतीचं ताट कपाळापर्यंत उचललं. "माताजीए स्वीकारी लीधुं, भाई!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? शोधायला हवं होतं! मी काय केलं? साष्टांग नमस्कार घातला. पार्किंगमध्ये!

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर बातमी. लोक येता-जाता गाडीला हात लावून कपाळाला लावायला लागले. कुणी बॉनेटवर फूल ठेवायचं, कुणी साखर. मुंग्या झाल्या, पण माझी मान ताठ.

आणि गाडी धूर सोडायला लागली. काळा! नुसता काळा नाही, कढईच्या बुडासारखा. चढावर दम लागायचा. जसुबेन म्हणायच्या, "ए तो धूप छे." मी बिचारा तेही पटवून घेत होतो.

पीयूसी काढायला गेलो. तिथल्या माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि रेस द्यायला सांगितलं. मी दिली. मागे उभे असलेले दोन स्कूटरवाले दिसेनासे झाले.

"साहेब, फेल छे."

"परत बघा ना."

"परत जोवानी हिंमत नथी, साहेब," तो तोंडावर रुमाल धरून म्हणाला.

ही बातमी अप्पांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? "लग्नाआधी पास झाल्याचा कागद दाखवा जावईबापू, नाहीतर माझी लेक भाड्याच्या गाडीतून जाईल. सासरी पोचेल तेव्हा गोरी तरी राहील!"

मी गाडी घेऊन गोरव्याला ईश्वरभाईंच्या गॅरेजात. त्यांनी नोझल काढली, चाचणीच्या यंत्रावर लावली, दांडा दाबला. अहाहा! डिझेलचा काय तो फवारा! पहाटेच्या धुक्याहून बारीक. एवढ्याशा छिद्रातून! मी म्हटलं, परत दाबा. मग म्हटलं, आणखी एकदा. ईश्वरभाई वैतागले.

"नोझल बराबर छे, साहेब. पंप बराबर छे. हवे एअरनी लाइन खोलवा दो."

"तिकडे हात नाही लावायचा! फिल्टर मी स्वतः नवा घातलाय. आणि तिथे पूजा झालीय."

ईश्वरभाईंनी पान्हा खाली ठेवला. "तो पछी माताजीने ज पूछो," म्हणाले आणि चहा प्यायला निघून गेले.

चालत घरी आलो, तर कपाट रिकामं आणि पलंगावर कपड्यांचा डोंगर. सुधा रडकुंडीला आलेली. "अहो, आईचा खण सापडत नाहीये. नीलूच्या ओटीसाठी जपून ठेवलेला. आईने शेवटच्या आजारपणात माझ्या हातात दिला होता हो!"

"कसा होता?" मी विचारलं. आवाज माझाच, पण विहिरीतून आल्यासारखा.

"लाल."

मी पलंगावरचे कपडे उलटेपालटे करायला लागलो. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तुमच्या देवीने जे कापड घेतलं... त्याला काठ होता?"

"होता. बारीकसा."

"जरीचा?"

"...असेल."

तिने तडक चपला घातल्या. रिक्षात मी हळूच म्हटलं, "अगं, देवीनेच घेतला ना, त्याअर्थी तुझ्या आईलाही..." तिने नुसतं बघितलं. मी लगेच रिक्षावाल्याला रस्ता सांगायला लागलो.

गॅरेजात ती बॉनेटसमोर उभी राहिली. "कुठे ठेवला होता? बोट दाखवा."

"इथे."

"आणि हे शेजारी काळं तोंड कसलं?"

"ती हवेची नळी."

"काय करते ती?"

"काय करणार? हवा आत ओढते," मी म्हणालो. "जोरात ओढते. रेस दिली की तर..."

आणि मी थांबलो. ईश्वरभाईंचा चहा बशीतच राहिला.

सुधाने नळीत दोन बोटं घातली आणि ओढलं. खण बाहेर यायला लागला. आधी काठ, मग लाल, मग आणखी लाल, मागोमाग झेंडूच्या पाकळ्या, आणि शेवटी टुणकन सुपारी! ईश्वरभाईंनी हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही. सुधाने खण छातीशी धरला आणि हसू की रडू अशी तिची गत झाली. आईची वस्तू! आणि मी ती घशात अडकवून महिनाभर गाडीला धाप लावली होती.

गाडी सुरू केली. धूर? औषधालासुद्धा नाही!

पीयूसी पास झाली. धुतलेल्या खणाने नीलूची ओटी भरली. एका कोपऱ्यावर तेलाचा डाग राहिला, तो नीलूने मुद्दाम दिसेल असा वर ठेवला. पाठवणीच्या वेळी अप्पांनी काय करावं? वाकून सायलेन्सरला पांढरा रुमाल लावला. निरखून बघितला. पांढराच! मग त्याच रुमालाने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "हळू चालवा हो. माझी पोर आहे आत." इतकं बरं मला त्या गाडीत पुन्हा कधी वाटलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खण सापडल्याचं जसुबेनना कळलं.

"माताजीए पाछुं आप्युं!" त्या ओरडल्या. "लग्नना टाइमे ज!"

म्हणे देवीनेच परत दिला! खरं सांगायचा मी खूप प्रयत्न केला, ऐकतो कोण! दर दसऱ्याला आता सोसायटीतली सगळी वाहनं पूजेला माझ्यापुढे उभी असतात. मी बॉनेट बंद ठेवून चाकाला हळद-कुंकू लावतो. वस्त्राचं म्हणाल, तर ते सुधा माझ्या हातात देत नाही. शेवटचं इंजिन बंद होईपर्यंत ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ती लांब उभी असते.