आडनाव पाहून वाढलेलं अंडं

माझं काम टिकलं ते आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांमुळे. हे आधीच लिहिते. पुढचं वाचून कोणी माझ्यावर रागावून मध्येच थांबलं, तरी एवढं तरी वाचून झालेलं असेल.

मी कणकवलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवऱ्याला हिंगण्याच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून नागपूरला आलो. मी एका खाजगी दवाखान्यात पेशंटना जेवण वाटायला लागले. कोणाला काय द्यायचं ते डाएट शीटवर इंग्रजीत असायचं. त्यातला मला खाटेचा नंबर तेवढा कळायचा. खाटेवरच्या पाटीवर मात्र नाव मराठीत असे. तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

पद्धत सोपी होती. ऑपरेशनवाल्या पेशंटना ताकदीचं खाणं, म्हणजे अंडं नाहीतर पनीर. कोणाला कुठलं, ते आडनाव सांगायचं. आमच्या गावात मासे सगळेच खातात, तिथे हा प्रश्न येत नाही. इथे मला आडनावांचा अभ्यास करावा लागला. स्वयंपाकघरातल्या बायकांनी शिकवलं. त्यांचा अभ्यास जुना होता.

कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक काका ऑपरेशनसाठी भरती झाले. उशाला बुद्धाचा छोटा फोटो. मी दोन दिवस त्यांना अंडं दिलं. दोन्ही दिवस ते ताटात तसंच राहिलं. म्हातारी माणसं कमी जेवतात, असं मी धरून चालले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं.

"बाई, समोरच्याचं अन् माहं ऑपरेशन येकच. त्याले पनीर, मले अंडं. काहून?"

"तुमचं आडनाव..." मी म्हणाले आणि थांबले. पण वाक्य पूर्ण झाल्यासारखंच होतं.

"बारा वर्षं झाले, मी अंडं-मटण सोडलं. शीटवर लिवून देल्लं आहे. तुमी पाटी वाचली." ते ओरडले नाहीत. कागद मागितला आणि सुंदर अक्षरात तक्रार लिहिली.

महिनाअखेर माझा करार पुढे चालू ठेवायचा की नाही, ते ठरणार होतं. मी चादरींच्या खोलीत जाऊन चादरी मोजत बसले. सिस्टर मागून आल्या. शीट पुढे धरलं. "वाच."

मी खाटेचा नंबर वाचला.

"अन् पुढचं?"

मी परत नंबरच वाचला.

"वर्षभर काहून नाही सांगितलं वं?"

"काम जाईल म्हणून."

"मंग लोकायचं पोट तुह्या अंदाजावर चालून राहिलं होतं! जा, पहिले त्यायले इचार काय पाहिजे ते."

मी गेले, माफी मागितली आणि विचारलं. त्यांना मुगाची उसळ हवी होती. एवढंच.

आठवड्याने सगळ्या स्टाफला प्रशिक्षण लावलं. पडद्यावर 'विविधता आणि नम्रता' असं लिहिलेलं. शिकवायला आलेल्या मॅडमनी विचारलं, "पेशंटची जात मनात ठेवून कोण वागतं?" एकही हात वर झाला नाही. डॉक्टर, नर्स, आम्ही, सगळे एकसारखे निर्मळ. मग त्यांनी कोणाचं नाव न घेता अंड्याची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी च्च च्च केलं. मीही केलं, जरा मोठ्यानेच.

मॅनेजर म्हणाले, "त्या दिवशी वाटायला कोण होतं, ते आत्ताच कळू दे."

मी पडद्याकडे बघत बसून राहिले. सिस्टर उठल्या.

"शीट मी इंग्रजीत लिवतो. वाटणारीले वाचता येते का, हे मी कधी इचारलं नाही. वार्ड माहा, चूक माही."

मेमो त्यांना मिळाला. एकवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. माझा करार पुढे चालू राहिला. शीट आता मराठीत असतं, आणि तरी मी प्रत्येक खाटेजवळ विचारते. स्वयंपाकघरातल्या बायका म्हणतात, "हिले येळ लय आहे."

मी रडत आभार मानायला गेले, तर सिस्टर म्हणाल्या, "रडू नको, ट्रॉली थंडी होऊन राहिली."

त्या रिटायर व्हायला तीन वर्षं आहेत. मी दहावीचा बाहेरून फॉर्म भरलाय. इंग्रजीची फार भीती वाटते. पण पास झाले की मॅनेजरांना माझ्या हाताने इंग्रजीत अर्ज लिहीन, की त्या दिवशी उठायला हवं होतं ते मी, आणि तो मेमो माझ्या फाइलला लावा. सिस्टरांचं हे देणं मी फेडणार आहे, त्या रिटायर व्हायच्या आधी.