टाळ्या वाजवून म्हटलेला शब्द

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने चड्डीत शू केली आणि ताईने टाळ्या वाजवत 'शेम शेम' म्हटलं. तुम्ही सगळे हसलात. मी फोन बंद केला आणि नंतर रेंज गेल्याचं खोटंच सांगितलं. खरं कारण आज लिहिते.

'शेम' म्हणजे लाज, शरम, नामुष्की. कधी नुसतं 'अरेरे' म्हणायलाही हा शब्द वापरतात. हे सगळं मी तिसगावजवळच्या शाळेत नीट फळ्यावर लिहून शिकवलं. पण वर्गात त्याचा उपयोग एकच होता. रोज प्रार्थनेनंतर मी नखं तपासायची. ज्याची घाण, त्याने पुढे यायचं आणि वर्गाने टाळ्या वाजवून 'शेम शेम' म्हणायचं. मला ती शिस्त वाटे.

एका वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास एक मुलगी ऊसतोडीवरून परतली. पाच महिने आईबरोबर फडात वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधत होती. नखं काळी, बोटांना चिरा.

"बाई, चिकाचं हाय, निघत न्हाई," ती म्हणाली.

"साबण लावला होतास का?" मी विचारलं आणि वर्गाकडे पाहून मान हलवली. चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडत राहिले. तिच्या घरी गेले नाही.

गेल्या महिन्यात, इतक्या वर्षांनी, तीच मुलगी माझ्या दारात उभी राहिली. सोबत नऊ वर्षांची लेक. "बाई, हिला इंग्रजी शिकवा. औंदा हिला फडावर न्हेनार न्हाई, आजीपाशी ठेवनार हाय."

"ठेव की," मी म्हणाले.

"चुकली तर मारा. पर ते टाळ्या वाजवून न्हाई म्हनायचं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता; रेशनकार्ड कुठे ठेवलंय ते सांगावं, तसं तिने सांगितलं. 'माझं चुकलं' हे दोनच शब्द मला म्हणायचे होते. मी म्हटलं, "चहा घेशील?" ती नको म्हणाली. गाडीला उशीर होत होता.

ती गेल्यावर लेक चटईवर बसली. मी पुस्तक काढेपर्यंत, कोणी न सांगता, तिने दोन्ही हात पालथे करून माझ्यापुढे धरले. नखं इतकी खोल कापलेली की कडांना रक्त साकळलं होतं.

आईने रात्रीच कापली, म्हणाली.